हाडांचं खातं
(सोसायटीच्या महिला मेळाव्यातलं भाषण)

बँकेच्या भाषेत सांगतो. पाळी थांबली की इस्ट्रोजेन घटतं आणि पहिली पाच-सात वर्षं हाडांच्या खात्यातून भराभर रक्कम निघते. सोयाबीन, आपल्या बांधीतला जवस यांत इस्ट्रोजेनसारखे वनस्पतिज घटक असतात, हे खरं. पण मायामीला २४८ महिलांवर दोन वर्षं अभ्यास झाला. काहींना सोयाच्या गोळ्या, रोज २०० मिलिग्रॅम. बाकीच्यांना नुसत्या दिखाऊ गोळ्या. हाडांची झीज थांबली नाही, असं २०११ साली प्रसिद्ध झालं. तेव्हा महागडे डबे कशाला? जवसाची चटणी खुशाल खा, चवीसाठी! या वयात रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. दूध, दही, तीळ, नाचणी घ्या, चाला. उन्हाची मुर्रीत काय कमी? आणि साध्या पडण्यानं मनगट मोडलं, तर प्लास्टर निघालं म्हणून विसरू नका. डॉक्टरांना डेक्सा तपासणीचं विचारा.