गोळ्यांचा खंड



जालना जिल्ह्यांतील जाफराबाद तालुका पूर्णेच्या खोऱ्यांत, बुलढाणा जिल्ह्याच्या सीमेला लागून आहे. सीमेपलीकडे, त्या जिल्ह्यांत, सैलानीबाबांचा दर्गा आहे. घरांतील माणूस बरळूं लागला, रात्र रात्र जागूं लागला, कीं या भागांतील कित्येक कुटुंबें त्याला प्रथम तेथें नेतात. आपण शहरवासी यास अज्ञान म्हणून मोकळे होतों. परंतु करोनाची साथ आली तेव्हां शासनाचीं चार प्रादेशिक मनोरुग्णालयें ठाणें, पुणें, नागपूर व रत्नागिरी येथें होतीं, आणि उभ्या मराठवाड्यांत एकही नव्हतें, हेंही ध्यानांत घ्यावें.

इ. स. २०२० च्या होळीस सैलानीची यात्रा साथीमुळें रद्द झाली. त्याच मार्चच्या २५ तारखेपासून देशभर टाळेबंदी आली. दुवा आणि दवा, दोहोंची वाट एकाच महिन्यांत बंद झाली. तापाच्या रोग्याची वार्ता गांवभर होते. ज्याच्या मनाच्या आजाराच्या गोळ्या संपल्या, त्याची कोण घेतो? स्किझोफ्रेनियाच्या रोग्याचें औषध तुटलें तरी कांहीं दिवस तो बरा दिसतो, म्हणून घरचे निश्चिंत राहतात. आजार उलटतो तो पुढें, आठवड्यांनीं अथवा महिन्यांनीं. दारूचें याच्या उलट. दुकानें एकाएकीं बंद झालीं कीं, नित्य पिणाऱ्यास दोनतीन दिवसांतच कंप, झटके व भ्रम होऊं शकतो. त्यास भूतबाधा समजण्यांत वेळ गेला तर प्राणावर बेततें.

२५ मार्चलाच केंद्र शासनानें दूरध्वनीवरून रोगी तपासून औषध लिहून देण्याचे नियम प्रसिद्ध केले. उपाय चांगला, पण चिठ्ठी मोबाइलवर आली तरी गोळी त्यांतून येत नाहीं! ती घरपोंच देऊं शकेल असें माणूस गांवांत एकच : आशाताई. साथींत घरोघर जाऊन ताप व प्राणवायू मोजणाऱ्या या बायांना मनाची विचारपूस अपरिचित नव्हती. शेतकऱ्यांच्या आत्महत्या रोखण्यासाठीं २०१५ मध्यें निघालेल्या 'प्रेरणा' प्रकल्पांत जालना जिल्हा होता, आणि नैराश्याचीं लक्षणें हेरण्याचें काम आशांकडेच होतें. माझ्या मतें पुढील साथीच्या नोंदवहींत तापाच्या रकान्याशेजारींच आणखी दोन रकाने हवेत : झोप लागते का, व गोळ्या किती उरल्या. वाट बंद होण्याचा संभव दिसतांच दोनतीन महिन्यांचें औषध एकदम द्यावें; मात्र तें रोग्याच्या नव्हे, घरच्या जाणत्या माणसाच्या हातीं.

१० ऑक्टोबर २०२२ रोजीं 'टेलिमानस' ही विनामूल्य सेवा सुरू झाली आहे. तिचा क्रमांक १४४१६. गांवाकडील आप्तांना फोन कराल तेव्हां पीकपाण्याबरोबर गोळ्यांचीही चौकशी करा, आणि हा क्रमांक त्यांना लिहून घ्यावयास सांगा.