स्वागताध्यक्षीय भाषण : स्लॅबच्या खाली काय आहे?



मुंबईकर मंडळी पुण्याला द्रुतगती मार्गाने आली असतील. तो काँक्रीटचा रस्ता जागेवर ओतलेला. आज आपण बोलणार आहोत ते कारखान्यात ओतून क्रेनने बसवायच्या काँक्रीटबद्दल. माझाही प्रीकास्टचाच धंदा, तेव्हा मी तटस्थ नाही, हे आधीच सांगून टाकतो.

चाक रस्त्याच्या स्लॅबच्या मध्यावर, कडेला किंवा कोपऱ्यावर आलं तर ताण किती, याची सूत्रं वेस्टरगार्ड यांनी 1926 साली मांडली. खालची जमीन स्लॅबला सगळीकडे टेकलेली आहे, हे त्यांनी गृहीत धरलं होतं. पण दुपारच्या उन्हात वरचा थर तापला की स्लॅबचा मध्य उचलतो आणि रात्री कोपरे वर येतात. आयआरसी 58 या काँक्रीट रस्त्यांच्या भारतीय मार्गदर्शिकेच्या 2015 च्या आवृत्तीत म्हणूनच दिवसा खालून वर जाणारी आणि रात्री वरून खाली जाणारी, अशा दोन्ही तड्यांचा हिशोब आहे. फायनाईट एलिमेंट पद्धतीने तो आता लॅपटॉपवर होतो.

प्रीकास्टचं दुखणं मात्र वेगळं. साच्यातून निघालेला स्लॅब तळाशी गुळगुळीत असतो, रोलर फिरवलेली खडी तशी नसते. मधल्या फटीत ग्राउट पोचलं नाही तर पावसाचं पाणी शिरतं, चाकागणिक बारीक माती बाहेर फेकली जाते आणि कोपरा अधांतरी राहतो. मॉडेल करणाऱ्यांना माझी विनंती आहे : ही पोकळी मॉडेलमध्ये मुद्दाम घाला. सगळीकडे छान टेकलेला स्लॅब आम्हाला साइटवर अजून भेटायचा आहे!

आणि स्लॅबवरचा पहिला मोठा भार ट्रकचा नसतो, क्रेनचा असतो. 3 बाय 2 मीटरचा, 20 सेंटिमीटर जाडीचा स्लॅब म्हणजे साधारण 3 टन. तो साच्यातून काढताना काँक्रीट कच्चं असतं, शिवाय साचा त्याला धरून ठेवतो. कित्येकदा सळई लागते ती या उचलण्यासाठीच.

दुपारी यार्डात असाच एक स्लॅब चार हुकांवर उचलणार आहोत. स्ट्रेन गेज चिकटवून तयार आहेत. ज्यांनी मॉडेल आणलं आहे, त्यांनी आपापला आकडा बाहेरच्या फळ्यावर लिहावा. जेवणाआधी! नंतर लिहिलेला धरला जाणार नाही.