थांबावे केव्हा?

(मंडळाच्या विद्यार्थी गुणगौरव कार्यक्रमात नरडाणा येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाच्या सचिवांनी मला 'जिद्द आणि यश' हा विषय दिला होता. माझ्या अगोदर बोललेल्या वक्त्यांनी जिद्दीबद्दल इतके चांगले सांगितले आहे की मी त्यात भर घालण्यासारखे काही उरलेले नाही. शिवाय खरे सांगायचे तर जिद्दीवर बोलायला माझी जीभ जरा अडखळते. म्हणून सचिवांची माफी मागून मी याच विषयाची दुसरी बाजू मांडणार आहे. धरलेले ध्येय सोडावे की नाही, आणि सोडायचे तर केव्हा, यावर आपल्या कार्यक्रमांत कोणी बोलत नाही. हार घातलेल्या माणसासमोर हे बोलणे अशुभ वाटत असावे. पण आज इथे बक्षीस घेणारी मुले उद्या पुण्याला जातील, आणि दहा वर्षांनी त्यांच्यापैकी काहींना हाच प्रश्न पडेल. तेव्हा कोणी तरी आधी बोललेले बरे.

सुरुवात माझ्यापासून करतो. माझे वडील रेल्वेत गँगमन होते. आई निंदणी, कापूसवेचणी करायची. नरडाण्याहून सकाळची पॅसेंजर धरून मी अमळनेरला प्रताप कॉलेजात जाई. १९८५ साली बी.ए. झालो. गल्लीतला पहिला पदवीधर म्हणून त्याच दिवसापासून लोक मला साहेब म्हणायला लागले. अजून कशाचा पत्ता नव्हता, पण साहेब! मी ठरवले, उपजिल्हाधिकारी व्हायचे.

का व्हायचे, तेही सांगतो. मी अकरावीत असताना जातीच्या दाखल्यासाठी वडिलांबरोबर एका कार्यालयात गेलो होतो. रजा टाकून वडील तीन दिवस त्या टेबलासमोर उभे राहिले. खुर्ची रिकामी होती, पण कोणी बसा म्हटले नाही. आम्ही त्यांची मुले, म्हणून तेव्हाच मनाशी म्हटले, मी त्या टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसेन.

पुढची आठ वर्षे, जितक्या वेळा जाहिरात निघाली तितक्या वेळा मी फॉर्म भरला. दोन वेळा पूर्वपरीक्षा पास झालो, मुख्य परीक्षेत पडलो. दोन-चार गुणांनी पडलो असे मी सगळ्यांना सांगत असे. खरा आकडा त्याहून बराच मोठा होता. १९९० साली बौद्धांना केंद्रातही अनुसूचित जातीच्या सवलती लागू झाल्या, राज्यात त्या आधीपासून होत्या. समाजासाठी केवढी मोठी गोष्ट! पण मला मात्र सुटकेचा उरलासुरला रस्ताही बंद झाल्यासारखे झाले, कारण आता केंद्राच्याही परीक्षा खुल्या झाल्या होत्या. आई एकदा म्हणाली, "आते कितला दिन वाचशी रे भाऊ?" मला राग आला. आईला अभ्यासातले काय कळते, असे मी बोलून गेलो.

आता जे सांगतो ते सांगण्यासाठीच मी विषय बदलून घेतला. १९८९ साली माझी धाकटी बहीण बारावी झाली. मार्क माझ्यापेक्षा चांगले होते. डी.एड.ला तिचा नंबर लागला. फी, वसतिगृह, गणवेश मिळून जो खर्च होता, तेवढेच पैसे त्या महिन्यात वडिलांनी सोसायटीतून उचलले होते, आणि ते माझ्या पुण्याच्या क्लाससाठी होते. वडिलांनी मला विचारले, काय करू? मी म्हणालो, तिला एक वर्ष थांबू द्या, माझा हा शेवटचाच प्रयत्न आहे. तो शेवटचा नव्हता. तिचा नंबर गेला, पुढच्या वर्षी स्थळ आले, लग्न झाले.

बंधू-भगिनींनो, ध्येय न सोडणाऱ्या माणसाच्या घरात बहुधा दुसरे कोणी तरी आपले ध्येय सोडत असते. त्याचा सत्कार होत नाही, त्याचे नाव स्मरणिकेत छापून येत नाही. मागे मी बहिणीजवळ हा विषय काढला. ती अंगणवाडीत सेविका आहे, तिची मुलगी नर्स झाली आहे. ती एवढेच म्हणाली, "दादा, तुला कोणी थांब म्हटलं नाही, आणि मला सगळ्यांनी म्हटलं."

आपल्या चळवळीच्या इतिहासात थांबण्याचे एक फार मोठे उदाहरण आहे. ते आपण सत्याग्रह म्हणून सांगतो, थांबणे म्हणून सांगत नाही. २ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. त्याच वर्षीच्या रामनवमीला रथाच्या वेळी दगडफेक झाली. लोक तुरुंगात गेले. दादासाहेब गायकवाड, म्हणजे तेव्हाचे भाऊराव गायकवाड, या लढ्याचा कणा होते. वर्षे गेली, दार उघडले नाही. १९३४ साली रामनवमी जवळ आली तेव्हा पुन्हा सत्याग्रह करावा का, असे भाऊरावांनी बाबासाहेबांना विचारले. ३ मार्च १९३४ च्या पत्रात बाबासाहेबांनी कळवले की करू नये. पत्राचा आशय असा की, आपले लोक मूर्तिपूजक व्हावेत म्हणून किंवा देवळात गेल्याने ते समान होतील म्हणून मी हा लढा सुरू केला नव्हता, त्यांना जागे करण्याचा तो चांगला मार्ग होता म्हणून सुरू केला. ते काम झाले आहे, आता शक्ती शिक्षणाकडे आणि राजकारणाकडे लावावी. पुढे १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्याच्या परिषदेत त्यांनी धर्मांतराची घोषणा केली, तिथे हा सत्याग्रह बंद करण्याचा ठरावही झाला.

आपण जरा विचार करा. चार वर्षे ज्यांनी मार खाल्ला त्यांना थांबा म्हणून सांगणे किती कठीण असेल! इतकी वर्षे घातली, आता कसे सोडायचे, असे त्यांच्याही मनात आले असेल. माझ्याही आले होते. पण बाबासाहेबांनी गेलेल्या वर्षांचा हिशोब धरला नाही. आपण हे कशासाठी सुरू केले होते आणि ते आता या वाटेने मिळते आहे का, एवढेच त्यांनी पाहिले. दार बंदच राहिले म्हणून त्यांनी लढा सोडला असे जे म्हणतात, त्यांनी ते पत्र नीट वाचावे.

आणि भाऊराव? ते खचून घरी बसले नाहीत. हेच दादासाहेब १९५९ साली आपल्या खानदेशात भूमिहीनांच्या सत्याग्रहाचे पुढारी होते. देवळाच्या दारातून निघालेली माणसे जमिनीच्या प्रश्नावर उभी राहिली. जुन्या पिढीतल्या लोकांना तो काळ आठवत असेल.

मात्र माझ्या बोलण्याचा उलटा अर्थ कोणी घेऊ नये. बाबासाहेब १९१७ साली लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परत आले, ते शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून. ते ध्येय त्यांनी सोडले नाही. मुंबईत सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली, पैसे साठवले, काही शाहू महाराजांची मदत, काही नवल भथेना या मित्राकडून घेतलेले, आणि १९२० साली परत लंडन गाठले. डी.एस्सी.चा प्रबंध दुरुस्तीसाठी परत आला, तो पुन्हा लिहिला आणि १९२३ साली पदवी घेतली. त्याच दिवसांत जर्मनीतल्या बॉन विद्यापीठात शिकण्याचाही त्यांचा बेत होता. तिथे त्यांनी नाव दाखल केले होते. तो बेत मात्र त्यांनी सोडून दिला. एकाच माणसाने, एकाच काळात, एक गोष्ट धरून ठेवली आणि एक सोडली. पैसा नाही म्हणून अडलेले काम आणि ज्याची आपल्याला आता गरज राहिली नाही असे काम, या दोहोंत फरक आहे. मुलांनो, पैशापायी अडला असाल तर सोडू नका, मंडळाकडे या. त्यासाठीच मंडळ आहे.

तथागतांच्या चरित्रातही हेच आहे. सिद्धार्थ गौतमांनी सहा वर्षे देहदंडन केले. शरीराचा सापळा झाला. तेव्हा त्यांनी ओळखले की या मार्गाने मिळणार नाही, आणि सुजातेने आणलेले अन्न घेतले. बरोबरचे पाच परिव्राजक चिडले, हा भ्रष्ट झाला म्हणून त्यांना सोडून गेले. मला यात नेहमी त्या पाच जणांचे वाटते. आपल्या गल्लीतही असे पाच जण असतातच. आपण उपाशी मरत होतो तोवर ते आपल्याला मानत होते, जेवायला बसलो की नावे ठेवतात. पण पुढे सारनाथला पहिला उपदेश त्या पाच जणांनाच झाला, हेही ध्यानात ठेवावे.

सोण नावाच्या भिक्खूची कथा याच्या जोडीला ठेवतो. चंक्रमण करून करून त्याचे पाय रक्ताळले, तरी काही साधेना. सगळे सोडून घरी जावे असे त्याच्या मनात आले. भगवंतांनी त्याला जा म्हटले नाही आणि रेटत राहा असेही म्हटले नाही. तू घरी असताना वीणा वाजवत होतास, तारा फार ताणल्या तर सूर निघतो का, फार ढिल्या ठेवल्या तर निघतो का, असे विचारले. म्हणजे सोडण्याआधी तार तपासावी. पद्धत चुकते आहे की मुळात वाट चुकली आहे, हे आधी पाहावे.

आता आकड्यांकडे येतो, कारण मी शेवटी मास्तर आहे. २०२३ च्या नागरी सेवा परीक्षेला दहा लाखांहून अधिक अर्ज आले. प्रत्यक्ष बसले सुमारे ५ लाख ९२ हजार. निवड झाली १०१६ जणांची, त्यात अनुसूचित जातीचे १६५. खुल्या वर्गाला सहा संधी आणि ३२ वर्षे, इतर मागासवर्गीयांना नऊ संधी आणि ३५ वर्षे, आणि आपल्याला ३७ वर्षांपर्यंत कितीही संधी. राज्यसेवेला तर मागासवर्गीयांना ४३ वर्षांपर्यंत. ही सवलत आपल्या हक्काची आहे, उशिरा शाळेत गेलेल्यांसाठी ती हवीच, आणि तिच्यावर कोणी बोट ठेवील तर मी भांडायला पहिला येईन. पण तिचा एक परिणाम आपण पाहिला पाहिजे. इतरांना सरकारच एक दिवस थांबवते. आपल्याला मध्येच थांब म्हणणारे कोणीच नाही. ती रेघ ज्याची त्यानेच ओढायची आहे.

ती परीक्षेला बसण्याच्या आधी ओढावी. निकाल हातात असताना ओढता येत नाही, मी करून पाहिले आहे. निकालाच्या दिवशी माणूस एक तर रडत असतो किंवा पुढच्या वेळी नक्की म्हणत असतो. म्हणून फॉर्म भरण्याच्या दिवशी वहीत लिहून ठेवावे, किती वर्षे, कोणाच्या पैशाने, आणि नाही झाले तर काय. त्या वहीवर घरातल्या ज्याच्या पैशाने शिकायचे त्याचीही सही घ्यावी. बहिणीची असेल तर बहिणीची.

मी १९९३ साली थांबलो. काही मोठा साक्षात्कार वगैरे झाला नाही. वडिलांच्या निवृत्तीला दोन वर्षे राहिली होती. धुळ्याच्या खोलीत एक जुनी वही सापडली, तिच्यात मी अकरावीत असताना त्या टेबलाबद्दल लिहिले होते. वाचता वाचता लक्षात आले की मला पलीकडे बसायचे होते ते वडिलांना खुर्ची मिळावी म्हणून, आणि इतकी वर्षे मी त्यांना आणखी उभेच ठेवले आहे. बी.एड. केले, शाळेत लागलो. एक-दोन वर्षे गावात तोंड चुकवत फिरलो. साहेब म्हणणारे आता मास्तर म्हणायला लागले होते, ते बोचायचे. मग संध्याकाळी लोक दाखल्यांचे, शिष्यवृत्तीचे अर्ज घेऊन यायला लागले. आमच्या ओट्यावर दोन खुर्च्या ठेवल्या होत्या, एक माझी, एक येणाऱ्याची. निवृत्त झालो तरी त्या अजून तिथेच आहेत.

आपल्या भागातला एक मुलगा पुण्यात आहे. वय एकतीस. नाव सांगत नाही, सांगू नये. गेली तीन वर्षे तो भीमजयंतीला घरी आला नाही, कारण स्टेशनवर उतरल्यापासून घरापर्यंत प्रत्येक जण एकच विचारतो, काय, झालं का? परीक्षा द्यायची की सोडायची हे त्याचे तो ठरवील. मी त्याला काही सांगणार नाही. पण तो येत्या १४ एप्रिलला आला तर त्याला तो प्रश्न कोणी विचारू नये, चहा विचारावा, एवढी विनंती मी या सभेला करतो. आणि मंडळाला माझी एक सूचना आहे. पुढच्या वर्षीच्या सत्काराच्या यादीत परीक्षा सोडून दुकान टाकलेला, औद्योगिक वसाहतीत कामाला लागलेला, आयटीआय करून पोट भरणारा, असाही एखादा मुलगा असावा. त्याच्या बहिणीलाही व्यासपीठावर बोलवावे.

वेळ बराच घेतला. अध्यक्षांनी दोनदा घड्याळाकडे पाहिले, ते मला दिसले आहे. थांबतो. जयभीम, नमो बुद्धाय.