मुलें आणि आज्ञाधारक कांसव



संगणकाला आज्ञा कशा द्याव्या, हें मुलांस शिकविण्याचा प्रश्न आज घरोघरीं उभा आहे. पुष्कळ ठिकाणीं त्याचें उत्तर जुनेंच असतें: नियम पाठ करा आणि फळ्यावरील आज्ञा उतरून घ्या. याहून निराळा एक प्रयोग आज आपणांपुढें ठेवावयाचा आहे. भूमिति शिकविण्यांत ज्याचें आयुष्य गेलें, त्या माझ्यासारख्या मास्तराला तो विशेष प्रिय आहे.

मुलाच्या मनांत ज्ञान ओततां येत नाहीं. तें मूल आपल्या कृतींतून स्वतः रचितें, असें जीनीव्हाचे झां पियाजे यांनीं प्रतिपादिलें. त्यांच्यापाशीं काम केलेले सीमोर पॅपर्ट यांनीं वॉली फॉयरझाइग, सिंथिया सॉलोमन आदि सहकाऱ्यांसह अमेरिकेंतील केंब्रिज येथें १९६७ सालीं 'लोगो' ही संगणकभाषा मुलांकरितां तयार केली. पुढें तिला एक यांत्रिक कांसव जोडण्यांत आलें. मग तें पडद्यावरही आलें. "पुढें १००, उजवीकडे ९०" हें चार वेळां सांगितलें, कीं तें चौरस काढून दाखवितें.

आतां त्रिकोण घ्या. समभुज त्रिकोणाचा कोन ६० अंशांचा, हें मुलाला पाठ असतें. म्हणून तें "पुढें १००, उजवीकडे ६०" असें तीन वेळां सांगतें, आणि पडद्यावर अर्धा षट्कोन उमटतो! येथें मास्तरांनीं उत्तर सांगूं नये. "तूंच कांसव हो आणि जमिनीवर चालून पाहा," एवढेंच म्हणावें. कोपऱ्यावर आपण आंतल्या कोनाइतके नव्हे, तर बाहेरच्या कोनाइतके, म्हणजे १२० अंश, वळतों, हें मग चालतांनाच कळतें. फेरी पुरी होतांना एकंदर वळण ३६० अंशांचें होतें, हा सिद्धांतही त्याच वाटेवर सांपडतो.

मात्र साधनावर सारी भिस्त ठेवूं नये. रॉय पी व मिडियन कर्लंड यांनीं १९८४ च्या सुमारास न्यूयॉर्क येथें केलेल्या अभ्यासांत, लोगो शिकल्यानें मुलांची इतर कामांतील योजनाशक्ति आपोआप वाढल्याचें आढळलें नाहीं. २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या 'स्क्रॅच'मध्यें आज्ञांचे ठोकळे जुळवावयाचे असल्यामुळें लिहिण्यांतल्या चुका टळतात. विचारांतली चूक मात्र ठोकळ्यांनीं टळत नाहीं. तेथें मोठें माणूस जवळ असावें लागतें.

म्हणून आपलें मूल पडद्यापुढें अडखळलें, तर "चुकलें" असें म्हणूं नका. "तुझ्या आज्ञेवरून कांसवाला काय समजलें असेल?" एवढें विचारा, आणि त्याचें उत्तर येईपर्यंत थांबा.