एका अक्षराचा पाठभेद



ग्रंथप्रेमी माणसाला ‘पाठभेद’ हा शब्द नवा नाही. छापखाने नव्हते तेव्हा पोथ्या हातांनी उतरविल्या जात. उतरविताना एखादे अक्षर चुके आणि ती चूक पुढच्या प्रतीत जशीच्या तशी जाई. ज्ञानेश्वरीत असे अपपाठ शिरले, म्हणून शके 1506 मध्ये एकनाथ महाराजांनी तिची शुद्ध प्रत सिद्ध केली. मानवी देहातही अशीच एक पोथी पिढ्यान्‌पिढ्या उतरविली जात आहे. तिचे नाव डीएनए.

या पोथीची वर्णमाला अवघ्या चार अक्षरांची आहे : ए, टी, जी आणि सी. रोझलिंड फ्रँकलिन यांच्या क्ष-किरण संशोधनाचा आधार घेऊन वॉटसन आणि क्रिक यांनी 1953 मध्ये तिची रचना मांडली. एकमेकींभोवती पीळ घेतलेल्या दोन सरी. एकीत जेथे ए तेथे दुसरीत टी, आणि जेथे जी तेथे सी. त्यामुळे एक सर हाती असली की तिच्यावरून दुसरी लिहिता येते. पेशीचे विभाजन होताना नेमके हेच घडते. मानवाच्या संपूर्ण पोथीत अशा सुमारे 300 कोटी जोड्या आहेत. त्यांच्या वाचनाचा जागतिक प्रकल्प 1990 मध्ये सुरू झाला आणि 2003 मध्ये पूर्ण झाल्याचे जाहीर झाले. वाचायच्या राहून गेलेल्या बहुतेक जागा 2022 मध्ये भरल्या गेल्या.

एवढ्या अफाट ग्रंथात एकच अक्षर बदलले तर काय बिघडते? याचे उत्तर शोधण्यास दूर जावे लागत नाही. इंदूरच्या पश्चिमेस झाबुआ आणि अलीराजपूर हे भिल्ल-भिलालांच्या वस्तीचे जिल्हे आहेत. तेथे, तसेच विदर्भात आणि खानदेशच्या सातपुड्यात, सिकल सेल हा रक्ताचा आनुवंशिक विकार आढळतो. अकराव्या गुणसूत्रावरील एका जनुकात ‘ए’च्या जागी ‘टी’ येतो, एवढाच हा पाठभेद. परंतु त्यामुळे हिमोग्लोबिन बदलते आणि प्राणवायू कमी पडताच गोल, लवचिक तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या व ताठर होतात. त्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. लहान मूल असह्य वेदनांनी तळमळते आणि त्याचे रक्त सतत कमी होत राहते.

मात्र या पाठभेदाला केवळ दोष म्हणणे अन्यायाचे होईल. प्रत्येकाजवळ पोथीच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून. एकाच प्रतीत हा बदल असेल तर ती व्यक्ती वाहक असते, रोगी नव्हे. इतकेच नव्हे, तर वाहकाला तीव्र हिवतापापासून संरक्षण मिळते. हिवतापाच्या प्रदेशांत हे अक्षर टिकून राहिले ते याच कारणाने.

खरा प्रश्न विवाहाच्या वेळी उभा राहतो. पती-पत्नी दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भारपणात मूल रोगी होण्याची शक्यता चारात एक असते. पत्रिका पाहणाऱ्या समाजाला रक्ताच्या चाचणीचा कागद पाहणे जड वाटू नये. परंतु त्याच कागदावरून एखाद्या मुलीला किंवा तिच्या घराण्याला डाग लावला गेला, तर चाचणीला कोणी पुढे येणार नाही आणि अज्ञानाची किंमत पुढच्या पिढीतील मूल मोजील.

मध्य प्रदेशात या विकाराविरुद्धच्या अभियानाचा आरंभ 2021 मध्ये झाबुआ आणि अलीराजपूर या जिल्ह्यांपासूनच झाला. 1 जुलै 2023 रोजी शहडोल येथे राष्ट्रीय अभियान सुरू झाले; सात कोटी लोकांची तपासणी आणि 2047 पर्यंत निर्मूलन हे त्याचे उद्दिष्ट. जनुकात बदल घडवून आणण्याच्या तंत्रावर आधारलेल्या उपचारालाही 2023 मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेत मान्यता मिळाली, पण त्याचा खर्च सामान्य कुटुंबाला पेलणारा नाही. गरिबाच्या हाती आहे ती वेळेवर झालेली चाचणी, नियमित औषध आणि त्याच्या बोलीत, त्याला समजेल असे सांगितलेले ज्ञान.

एकनाथ महाराजांनी शुद्ध केलेली पोथी लोकांच्या हाती गेली, म्हणून त्या श्रमांचे सार्थक झाले. मानवी पोथीच्या वाचनालाही हीच कसोटी लावली पाहिजे. ते ज्ञान झाबुआच्या पाड्यावरील आईपर्यंत पोहोचेल, तेव्हाच हा ग्रंथ खऱ्या अर्थाने वाचला गेला असे म्हणता येईल.