मित्राचं सुतक



घरात माणूस गेलं की भावकीला दहा दिवस सुतक असतं. मित्राला ते नसतं. तो मातीला जातो, अंघोळ करतो आणि दुसऱ्या दिवशी आपल्या कामाला लागतो. गेल्या उन्हाळ्यात येडशीचा माझा बालमित्र गेला, तेव्हा मीही असाच घरी परतलो. त्याच्या लेकरांना रडायला घर होतं, सोयरे होते. मला कुणी विचारलंही नाही, आणि त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. तशी रीतच नाही.

आमच्या गावाजवळ मात्र एक जागा आहे, तिथं ही रीत एकदा मोडली गेली. घाटातलं रामलिंग. अभयारण्याच्या झाडीतून पायऱ्या उतरून खाली गेलं की नदीच्या वळणात महादेवाचं देऊळ लागतं. रावणानं सीतामाईला पळवून नेताना जटायूनं त्याला इथंच अडवलं, असं आमच्याकडची म्हातारी माणसं सांगतात. घायाळ जटायूला पाणी पाजायला रामानं बाण मारून खडकातून धार काढली. जटायूची समाधीही इथंच आहे. नाशिककडच्या टाकेदचे लोक ही कथा आपल्या गावची म्हणून सांगतात, आंध्रातल्या लेपाक्षीचेही सांगतात. माझ्या मित्रापुढं कुणी हा वाद काढला की तो म्हणायचा, ‘‘सांगू द्या की! इतक्या गावांना तो पक्षी आपला वाटतो, चांगलंच हाय.’’

जटायू रामाचा कोण होता? बापाचा, दशरथाचा, मित्र. वाल्मीकींच्या अरण्यकांडात राम लक्ष्मणाला म्हणतो की सीता गेल्याचंही दुःख मला एवढं नाही, जेवढं माझ्यापायी मेलेल्या या पक्ष्याचं आहे. मग तो लाकडं गोळा करायला सांगतो, स्वतः अग्नी देतो, पाणी सोडतो. बापाचे अंत्यसंस्कार त्याच्या हातून झाले नव्हते. बापाच्या मित्राचे झाले. श्रावणी सोमवारी रामलिंगला गर्दीत उभा राहिलो की मला हे आठवतं.

माझ्या मित्राबद्दल काय सांगू? मोठं नाव नव्हतं त्याचं. बार्शी लाइट रेल्वेच्या अडीच फुटी गाडीतून आम्ही बार्शीच्या बाजाराला जायचो. पुढं रुळ रुंद झाले, गाडी धाराशिवला वळली. मी नोकरीपायी बाहेर पडलो. तो ज्वारी, मग सोयाबीन करीत गावातच राहिला. भांडायचा खूप. पण अबोला त्याला जमत नसे, दुसऱ्या दिवशी स्वतःच फोन करायचा.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. 30 सप्टेंबर 1993 ला, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या पहाटे, भूकंप झाला. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावं झोपेतच गाडली गेली. आम्ही दोघं गावातून गोळा केलेल्या भाकरी घेऊन सास्तूरला गेलो. भाकरी वाटून मी परतलो, तो तिथंच थांबला. पाऊस पडत होता. ढिगाऱ्यातून निघालेल्या माणसांना तो लाकडं रचत होता. कोण कुठल्या घरातलं, हे सांगायलाही कुणी उरलेलं नसायचं. मला हे त्यानं फार वर्षांनी, एकदाच सांगितलं. म्हणाला, ‘‘अग्नी देताना दरवेळी मनात म्हणायचो, तुमच्या घरचाच हाय मी.’’

दहाव्याला त्याचा मुलगा माझ्याजवळ येऊन बसला. ‘‘काका, बाबांचं काहीतरी सांगा ना,’’ म्हणाला. तेव्हा माझ्या तोंडून शब्द निघाला नाही. या श्रावणात आम्ही दोघं रामलिंगला जायचं ठरवलंय. त्याला सास्तूरचं सांगणार आहे. बापानं घरात ते कधी काढलं नव्हतं.