बालकांचा कर्करोग आणि आपलें दान
(ज्युबिली-समारंभांत दिलेलें भाषण)



आजच्या आनंदाच्या दिवशीं दुःखाचा विषय काढल्याबद्दल क्षमा असावी. परंतु ज्युबिली म्हणजे केवळ रोषणाई व मेजवानी नव्हे. देवानें दिलेल्या देणग्यांचा हिशेब करण्याचाहि तो दिवस आहे. ज्युबिली-फंडांतील कांहीं रक्कम कर्करोगानें पीडलेल्या मुलांसाठीं द्यावी, ह्याविषयीं आपल्यांत दुमत नाहीं. प्रश्न आहे तो संशोधनाचा. दारीं आजारी मूल असतां प्रयोगशाळेला पैसा देणें कित्येकांस निष्ठुरपणाचें वाटतें. ही शंका दयेंतूनच उपजलेली आहे. म्हणून तिचें उत्तर आदरानें दिलें पाहिजे.

आपणां उत्तनकरांस तें समजणें कठीण नाहीं. पावसाळ्यांत होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, मिळकत थांबलेली असते. तरी त्याच दिवसांत आपण जाळ्यांवर पैसा खर्च करतों. तो पैसा वायां गेला, असें कोणी म्हणत नाहीं. संशोधन हें असेंच जाळें विणणें आहे.

मुंबईचेंच उदाहरण घ्या. १९३१ सालीं लेडी मेहरबाई टाटा रक्ताच्या कर्करोगानें निवर्तल्या. त्यांचे पति सर दोराबजी यांनीं १९३२ सालीं, स्वतःच्या मृत्यूच्या थोडेंच आधीं, त्याच रोगाच्या संशोधनासाठीं पत्नीच्या नांवें धर्मादाय निधि स्थापिला. त्या पैशानें पत्नी परत येणार नव्हती. तो अनोळखी रुग्णांसाठीं होता. पुढें १९४१ सालीं टाटांच्याच दानांतून परळचें टाटा मेमोरियल हॉस्पिटल उघडलें.

मग उपाय सांपडला कसा? ह्या रोगांत अस्थिमज्जेंतील विकृत पेशी बेसुमार वाढतात. फॉलिक ॲसिड ह्या जीवनसत्त्वानें त्या अधिकच फोफावतात, असें बोस्टनचे डॉक्टर सिडनी फार्बर यांस दिसून आलें. तेव्हां त्या जीवनसत्त्वास अडविणारें औषध त्यांनीं मुलांस देऊन पाहिलें. तें घडविणाऱ्या संशोधकांचे प्रमुख आपल्या आंध्रांतील यल्लाप्रगडा सुब्बाराव हे होते. १९४८ सालच्या वृत्तांतांत १६ मुलांपैकीं १० मुलांस उतार पडल्याची नोंद आहे. तो उतार तात्पुरता होता. परंतु वाट सांपडली. त्याच जातीचें मेथोट्रेक्सेट हें औषध आजहि मुलांस देतात. त्याच वर्षीं ‘जिमी’ ह्या टोपणनांवाच्या आजारी मुलासाठीं अमेरिकेंत रेडिओवरून हांक देण्यांत आली. मागितले होते २० हजार डॉलर. लोकांनीं दिले २ लाखांहून अधिक.

औषधें परदेशांत सांपडलीं, तर येथें संशोधन कशास? कारण आपल्या मुलांची स्थिति निराळी आहे. कुपोषण, जंतुसंसर्ग आणि खर्चापायीं अर्ध्यावर सोडलेले उपचार हेंहि येथें मुलांचा घात करतें. १९८४ सालीं टाटा हॉस्पिटलनें अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या सहकार्यानें एक उपचारपद्धति आंखली. पूर्वीं ह्या रक्ताच्या कर्करोगांतून पांच मुलांमागें एखादेंच वांचत असे. त्या पद्धतीनें निम्म्याच्या आसपास वांचूं लागलीं. आज ज्या मुलास औषध मिळतें, त्याच्यासाठीं कोणींतरी पूर्वींच पैसा दिलेला आहे, बंधुभगिनींनो! तें ऋण आपण फेडावयाचें कीं नाहीं?

म्हणून माझी सूचना अशी: फंडाचा मोठा भाग आजच्या मुलांच्या औषधाकडे, अन्नाकडे व हॉस्पिटलजवळच्या निवाऱ्याकडे जावा, लहान भाग संशोधनाकडे. दोहोंची पावती घ्यावी आणि हिशेब सर्वांसमक्ष वाचून दाखवावा. रक्कम लहान आहे म्हणून कोणी लाजूं नये. मंदिरांतील विधवेच्या दोन दमड्या प्रभूनें पाहिल्या होत्या. ज्या मुलाचें तोंडहि आपण कधीं पाहणार नाहीं, त्याच्यासाठीं आज दोन टांके विणून ठेवूं या.